बॉनेटवरचा पेला

बॉनेटवर ठेवलेल्या स्टीलच्या पेल्यात काठाच्या बोटभर खालपर्यंत पाणी होतं. गाडीचं इंजिन जागच्या जागी सुरू होतं आणि पाण्यावर गोल लाटा उठत होत्या. आधी काही बारीक, एकसारख्या. मग क्षणभर काहीच नाही, पाण्याने दम खाल्ल्यासारखं. आणि मग एकच मोठी लाट, जी काठ ओलांडून बॉनेटवर सांडायची. हाच क्रम पुन्हा पुन्हा. लेक गाडीसमोर वाकून, हात पाठीमागे बांधून हे बघत होती. ती रंगाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत काम करायची, आणि ज्याचं मोजमाप करता येत नाही त्याबद्दल मत द्यायचं नाही, अशी तिला सवय लागली होती. घरच्यांना या सवयीचा थोडा त्रासच होता.

"माझा पेला मला कधी मिळणार?" आईने स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारलं.

"एक सिलिंडर मधूनच दांडी मारतोय," लेक म्हणाली.

"मी पेल्याचं विचारलं."

एवढ्यात इंजिनाने उचकी दिली. पेला थरथरत बॉनेटच्या कडेला आला आणि खाली पडला, आणि आता आपलंही काम संपलं असं समजून गाडी बंद पडली. बाबांनी किल्ली पुन्हा फिरवली. स्टार्टर बराच वेळ कण्हत राहिला. शेवटी गाडी सुरू झाली ती मागून काळा धूर सोडत.

"बघितलंस?" बाबा खिडकीतून डोकं काढून म्हणाले. त्यांच्या आवाजात काळजीपेक्षा समाधान जास्त होतं. ते लेकीच्या लक्षात आलं, पण त्याचा अर्थ तिला तेव्हा लागला नाही.

गाडी लेकीपेक्षा वयाने मोठी होती, आणि घरात तिचा मान थोरल्या मुलीसारखाच होता. लेक सुट्टी घेऊन आली होती ती मात्र ही गाडी विकून टाकायला. दोष गाडीचा नव्हता, बाबांच्या डोळ्यांचा होता. त्यांना उजव्या बाजूचं नीट दिसेनासं झालं होतं. फाटकाच्या उजव्या खांबावर गाडीचा निळा रंग लागला होता आणि गाडीच्या उजव्या दारावर खांबाचा पांढरा. रंग ओळखणं हाच जिचा व्यवसाय तिला याचा अर्थ कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. बाबांचं म्हणणं, खांब सरकलाय. अलीकडेच त्यांनी पोस्टमनच्या सायकलीचं मागचं चाक वाकवलं होतं. पोस्टमन तेव्हा पत्र द्यायला दारात उभा होता. पुढच्या वेळी तो सायकलवर बसलेला असेल, ही कल्पना लेकीची पाठ सोडत नव्हती. गाडी चालवणं थांबवा असं सरळ म्हटलं, की बाबा वर्तमानपत्र उलटं-सुलटं करून "बघू" म्हणायचे. त्या शब्दावर हसायची कुणाची हिंमत नव्हती.

गिऱ्हाईक तयार होतं. खालच्या रस्त्यावरच्या फोटोग्राफरला जुनी गाडी हवीच होती, आपल्या स्टुडिओसमोर उभी करून तिच्यापुढे लोकांचे फोटो काढायला. अडलं होतं ते बाबांच्या तत्त्वावर. ते वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. उभा जन्म त्यांनी दुकानदारांची खोटी वजनं पकडण्यात घालवला होता. बिघडलेली गाडी दुसऱ्याच्या गळ्यात मारणं त्यांना मंजूर नव्हतं. मग बिघाड सांगून विका, असं लेकीने सुचवलं, तर बिघाड काय आहे हे मला तरी कुठे कळलंय, असं उत्तर आलं. मग दुरुस्त करून विकू, असं म्हटल्यावर बाबांनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं.

"दुरुस्त झालेली, चांगली चालणारी गाडी कुणी विकतं का?"

लेकीने हा युक्तिवाद सगळ्या बाजूंनी तपासला आणि त्यात कुठे फट सापडते का ते पाहिलं. एक सापडली. बिघाडाचं खरं कारण शोधायचं, ते फोटोग्राफरला सगळ्यांसमोर सांगायचं, आणि घ्यायची की नाही ते त्याने ठरवायचं. यात फसवणूकही नाही आणि पळवाटही नाही. कारण सापडलं तर बघू, असं बाबा म्हणाले. फोटोग्राफरला रविवारी यायला सांगितलं.

गाडी सुरू व्हायला तीन गोष्टी लागतात: पेट्रोल, हवा आणि ठिणगी. लेकीने ठिणगीपासून सुरुवात केली. स्पार्क प्लग काढून तिने ओट्यावर वर्तमानपत्र पसरून मांडले, त्यावर आईने ओट्यावर आणखी काय काय मांडणार आहेस ते आताच सांग, असं विचारून घेतलं. निरोगी इंजिनाच्या प्लगचं टोक भाजलेल्या बिस्किटाच्या रंगाचं असतं. यांची टोकं काळी होती, कोरड्या मखमली काजळीने झाकलेली. म्हणजे इंजिनात पेट्रोल जास्त आणि हवा कमी जात होती, किंवा प्लगला काजळी जाळून टाकण्याइतकं गरम व्हायला मिळतच नव्हतं. दुसरी शक्यता लेकीने बाजूला ठेवली, कारण ती पटकन तपासण्याइतकी सोपी नव्हती.

तिने प्लग तारेच्या ब्रशने घासून बसवले. गाडी एका झटक्यात सुरू झाली, पेल्यातलं पाणी शहाण्यासारखं वागलं. लेक खूश झाली. दोन दिवसांनी पेला पुन्हा बॉनेटवरून उडी मारत होता आणि प्लग पुन्हा काळे.

वळणावरच्या मिस्त्रीचाही हाच अनुभव होता. गाडी माझ्याकडे दिवसभर उत्तम चालते, तुमच्या घरी गेली की बिघडते, असं तो म्हणाला होता, आणि घरातल्या कुणालाही हे त्याने केलेलं निदान आहे असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना तो टोमणा वाटला होता.

मग मामा आले. मामा म्हणजे आईचे मोठे भाऊ. एके काळी ते रेडिओ दुरुस्त करायचे. रेडिओ बंद पडला की योग्य जागी एक थाप मारायची, हे त्यांच्या विद्येचं सार होतं. त्यांनी गाडीला बऱ्याच जागी थापा मारल्या, कान लावला आणि करंट नीट पोचत नाही, असं जाहीर केलं. कोणत्या प्लगची वायर कुठे जाते याची खूण न करता त्यांनी सगळ्या वायर एकदम उपटल्या, रुमालाने पुसल्या आणि अंदाजाने परत बसवल्या.

"भावजी, आता मारा स्टार्टर," ते म्हणाले.

बाबांनी मारला. आधी काहीच झालं नाही. मग सायलेन्सरमधून तोफ उडाल्यासारखा आवाज झाला आणि काजळीचा एक गोळा कुंपणावरून पलीकडे गेला. पलीकडे शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिका राहायच्या, आणि त्या दिवशी त्यांनी घरातल्या झाडून सगळ्या पांढऱ्या चादरी वाळत घातल्या होत्या. त्या कुंपणापाशी आल्या. त्यांनी आवाज चढवला नाही. वर्गात असे प्रकार होतात तेव्हा मी नाव विचारत नसे, उभं राहा असं म्हणत असे, एवढंच त्या बोलल्या. मामा आपोआप उभे राहिले.

चादरी आईने धुतल्या. लेकीने वायर पुन्हा क्रमाने लावल्या आणि सगळ्यांना व्हरांड्यात बसवून नियम सांगितले. यापुढे गाडीला कुणी हात लावायचा नाही. गाडी बाहेर जाणार नाही. एका वेळी एकच बदल होईल आणि तो ती करेल. मामांनी विचारलं, फक्त एक थाप मारली तर चालेल का. नाही, म्हणून सांगितलं.

"पण कुणी लावला हात, तर तुला कळणार कसं?" बाबांनी विचारलं आणि ते उठून आत गेले. परत आले ते नोकरीतली पक्कड, तार आणि शिशाची गोळी घेऊन. दुकानातल्या काट्याला लावायचे तसं सील त्यांनी बॉनेटला लावलं. तार जाळीतून ओवली, गोळी पकडीत दाबली. तिच्यावर शिक्का उमटला. हे करताना ते नोकरीत असल्यासारखे ताठ झाले होते. आता हे तुटल्याशिवाय आत कुणी जाऊ शकत नाही, असं त्यांनी सांगितलं आणि त्यांच्या हयातीत असं सील कुणी फसवलं नव्हतं.

तीन-चार दिवस कडक शिस्तीत गेले. लेक रोज सकाळी सील बघायची, गाडी सुरू करायची, पेला ठेवायची, बंद करायची. रोज गाडी आदल्या दिवसापेक्षा वाईट सुरू व्हायची. सील शाबूत. शेवटी बाबांच्या देखत सील कापून तिने प्लग काढले, तर पुन्हा काजळी, तीही ताजी. बाबांनी कापलेली तार हातात घेऊन उलटसुलट बघितली. सील खरं आहे, ते म्हणाले. लेकीला प्रयोगशाळेत न जुळणाऱ्या आकड्यांची सवय होती, पण तिथले आकडे निदान रात्रीतून स्वतःहून बदलत नसत. तिने प्लग घासले, बाबांनी नवं सील लावलं.

त्या दुपारी आईने तिला दोऱ्याचं रीळ आणायला पाठवलं होतं. आदल्या दुपारी चादरी पोचवायला पाठवलं होतं, त्याच्या आदल्या दुपारी बटणं आणायला. लेक नेहमीपेक्षा लवकर परतली. घर शांत होतं. शेजारणीची मांजर गाडीच्या बॉनेटवर अंग पसरून झोपली होती. शेडमध्ये ऊन नव्हतं. बाहेर कुंपणाच्या भिंतीवर ऊनच ऊन होतं. मांजरीने सावली का निवडली असेल, असा विचार करत लेकीने तिच्या शेजारी तळहात टेकवला.

बॉनेट कोमट होतं.

सील शाबूत होतं. लेक तिथेच उभी राहिली आणि तिला स्वतःचा फार राग आला. सगळ्यांनी मिळून बॉनेटला कुलूप घातलं होतं आणि गाडीला दारंही असतात हे सगळे विसरले होते.

दुसऱ्या दुपारी आईने तिला बल्ब आणायला पाठवलं. ती वळणापर्यंत गेली आणि मागच्या वाटेने येऊन पंपाच्या खोलीआड उभी राहिली. थोड्या वेळाने आई बाहेर आली. पायात कॅनव्हासचे बूट, काखेत उशी, हातात किल्ली. तिने उशी सीटवर ठेवली, वर बसली, आरसा आपल्या उंचीला वळवला, थंड इंजिनाला जादा पेट्रोल देणारी चोकची मूठ पूर्ण बाहेर ओढली आणि स्टार्टर मारला. गाडी काळा धूर सोडत जागी झाली. आईने ती फाटकापर्यंत पुढे नेली. थांबवली. मान मागे वळवून, ओठ दाताखाली धरून, भिंतीकडच्या कुंड्यांच्या दिशेने मागे आणली. थांबवली. बंद केली. उतरताना आरसा बाबांच्या उंचीला होता तसा करून ठेवला.

"कुंड्यांपासून वीतभर राहिलं," लेक म्हणाली.

आई दचकली नाही. "काल दोन वीत होतं," ती म्हणाली. "हळू बोल. बाबा झोपलेत."

दोघी शेडच्या पायरीवर बसल्या. आईने सगळं सांगितलं, अगदी सामानाची यादी सांगावी तसं. गुडघ्याच्या व्यायामाला म्हणून ती सकाळी जायची ते खरं तर वळणापलीकडच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये. तिथली गाडी नवी होती, तिला चोक वगैरे भानगड नव्हती. शनिवारी परीक्षा होती. पुढे जाणं जमत होतं, रिव्हर्स डळमळीत होता, म्हणून घरी सराव. बाबांना विचारायचा प्रश्नच नव्हता. गाडी नीट झाली की तुला शिकवतो, असं ते लग्नापासून म्हणत आले होते, आणि गाडीचं काही ना काही कायम नीट व्हायचं राहिलेलं असायचं.

"चोक पूर्ण ओढतेस?" लेकीने विचारलं.

"ते ओढतात तसाच."

"आणि परत आत कधी ढकलतेस?"

"गाडी गरम झाली की ढकलायचा असतो, एवढं कळतं मला. पण ती गरम व्हायच्या आत माझा सराव संपतो."

लेक कपाळाला हात लावून हसायला लागली. एवढ्या दिवसांचं संशोधन आईने एका वाक्यात संपवलं होतं. "आई, गाडीला काहीही झालेलं नाही. तू तिला रोज उठवतेस, भरपूर खायला घालतेस आणि तोंड धुवायच्या आत परत झोपवतेस. काजळी धरणार नाही तर काय?" मग तिला आपल्या रोज सकाळच्या चाचण्या आठवल्या, आणि ती थोडी कमी हसली.

कारण सापडलं होतं, आणि सापडलेलं कारण सांगायचा शब्द तिने दिला होता. ते सांगितलं की गाडी जाणार. तसं तिने आईला म्हटलं.

आई खांबावरच्या निळ्या डागाकडे बघत होती. "मला मिरवायचं नाहीये गं," ती म्हणाली. "बस खालीच थांबते. हा चढ त्यांच्याने होत नाही. गाडी गेली की ते खिडकीत बसून रस्ता बघत राहणार. आणि गाडी राहिली, की एक दिवस कुणाला तरी..." तिने वाक्य सोडून दिलं. "म्हटलं, गाडी राहू दे. चालवणारं माणूस बदलू."

"हे तू त्यांना सांगत का नाहीस?"

"पास झाल्याशिवाय कसं सांगू? नापास झाले तर उगाच दोघांचाही अपमान."

शनिवारी आई गुडघ्याच्या व्यायामाला गेली. परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. तिने बाबांना चहा दिला, भाजी निवडायला घेतली, आणि लेक समोरून जाताना हातातल्या सुरीने हवेत एक लहानशी बरोबरची खूण केली.

रविवारी फोटोग्राफर आला, मामा आले, आणि कुंपणापलीकडे मुख्याध्यापिका चादरी न वाळत घालता उभ्या राहिल्या. बाबांनी सील कापलं. लेकीने सगळ्यांसमोर प्लग घासून बसवले आणि आईचा पेला पाणी भरून बॉनेटवर ठेवला. बाबांनी आज राहू दे का, असं दोनदा विचारलं. मग किल्ली फिरवली.

गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. लेकीने ती थोडा वेळ चालू ठेवायला लावली, चोक हळूहळू आत ढकलायला लावला. पाण्यावर बारीक, सारख्या अंतराच्या लाटा उठल्या आणि तशाच राहिल्या. एकही थेंब सांडला नाही. फोटोग्राफर गाडीभोवती फेरी मारून आला. त्याला चालण्याशी फारसं देणंघेणं नव्हतं, पण तोही प्रभावित झाला. बाबा मात्र स्टीअरिंग धरून बसून होते आणि परीक्षेत न वाचलेला प्रश्न आल्यासारखं पेल्याकडे बघत होते.

"मग साहेब, ठरलं?" फोटोग्राफरने विचारलं.

"कारण कळल्याशिवाय नाही," बाबा म्हणाले. "कारण काही सापडलेलं नाही."

"सापडलं," लेक म्हणाली.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत एवढी विनवणी होती की तिला क्षणभर वाटलं आपण काहीतरी उलटं करतोय. पण शब्द दिलेला होता. बिघाड गाडीत नव्हता, असं तिने सांगितलं. गाडी रोज सुरू केली जात होती आणि गरम व्हायच्या आत बंद केली जात होती.

"शक्य नाही," मामा म्हणाले. "सील होतं."

"सील बॉनेटला होतं मामा. दाराला नव्हतं."

"पण सुरू करायचं कोण?" मामांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती मुख्याध्यापिकांवर थांबवली. मी पायी जाते, त्या थंडपणे म्हणाल्या.

आईने चहाचा ट्रे पायरीवर ठेवला. "मी," ती म्हणाली. "काल परीक्षा झाली माझी. पास झाले."

इंजिन चालू होतं, एका लयीत.

"रिव्हर्समध्ये पण?" बाबांनी विचारलं.

"रिव्हर्समध्ये पण." आईने पदराला हात पुसले आणि मग तिचे हात थांबले. "अहो, पण रिव्हर्सचं तुम्हाला काय माहीत?"

बाबा स्टीअरिंगवरची धूळ बोटाने पुसत राहिले. "त्या कुंड्या रोज भिंतीकडे आपोआप सरकत होत्या का?" ते म्हणाले. "पहिल्या आठवड्यात दोन फोडल्यास. मग मी रोज संध्याकाळी थोड्या मागे घ्यायला लागलो. झोपतो कसला मी दुपारी. गिअरचा आवाज आला की पडल्या पडल्या माझाच पाय क्लचवर जायचा."

"म्हणजे कारण तुम्हाला माहीत होतं," लेक सावकाश म्हणाली.

"काजळीबिजळीचं नव्हतं माहीत. पण बिघाड सापडू नये म्हणून देव पाण्यात घालून बसलो होतो. हिचं लायसन्स व्हायच्या आत गाडी गेली असती तर?" त्यांनी खांबाकडे पाहिलं, मग लेकीकडे, मग खांबाकडेच पाहत म्हणाले, "डोळे गेलेत माझे. कान नाहीत गेले."

डोळ्यांबद्दल ते एवढं कधीच बोलले नव्हते. मामांनी गाडीला थाप मारायला उचललेला हात हळूच खिशात घातला.

फोटोग्राफरने घसा खाकरला. त्याला अजून उत्तर मिळालेलं नव्हतं. बाबांनी इंजिन बंद केलं नाही. ते दार उघडून उतरले, बॉनेटवर हात ठेवत, गाडीला धरून धरून पुढून वळसा घालून पलीकडे आले. वाटेत त्यांनी पेला उचलला, त्यातलं पाणी कुंडीत ओतलं आणि तो आईच्या हातात दिला. मग पलीकडचं दार उघडून आत बसले. सीट पुढे होती, ती त्यांनी मागे सरकवली. आरशाला मात्र हात लावला नाही.

"विकायची नाही," त्यांनी खिडकीतून फोटोग्राफरला सांगितलं, आणि मग कुणाकडेही न बघता, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मी गाडी चालवणं सोडलंय. आजपासून ही चालवणार."